बांधावरून की जांभळीपासून?

संतोषचा फोन आला तेव्हा मी दुकानात बिजागऱ्यांचं खोकं फोडत होतो. संतोष म्हणजे औंढ्याच्या गेनूचा मुलगा. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात असतो आणि एरवी फोन करतो तो पत्र्याचा नाहीतर खिळ्यांचा भाव विचारायला. त्या दिवशी नुसता "काका..." म्हणाला. मग म्हणाला, "आबा गेले. सकाळी आईला विचारलं, म्हशीच्या धारा निघाल्या का. चहा मागितला. आई चहा घेऊन आली तर..." समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला बिजागरी हवी होती, मी कडीकोयंडा बांधून दिला, आणि तोही बिचारा माझ्या तोंडाकडे बघून तोच घेऊन गेला. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मोहनला सांगायचं राहिलं. गेनूनं मोहनसाठी माझ्याकडे एक निरोप दिला होता आणि तो घेऊन मी दिवाळीपासून नुसता फिरत होतो. तीन शब्दांचा निरोप, पण माझ्या छातीवर तो धोंड्यासारखा बसला होता. का, ते कळायचं तर आमच्या तरुणपणीच्या एका भाताच्या खाचरात जावं लागेल. चला...

आमच्या वयाच्या मावळातल्या कुठल्याही माणसाला विचारा, गेनूची बॉलिंग खेळला होतास का? तो आधी सावरून बसेल, मग उत्तर देईल. गेनू आडदांड नव्हता. काटक, उंच, खांद्याला जरा पुढे झुकलेला. घरची शेती, चार म्हशी, आणि सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लावून लोणावळ्यात दुधाचा रतीब. पण हातात सीझन बॉल आला की हाच माणूस असा काही व्हायचा की समोरच्याची गाळण उडावी. भाताची कापणी झाली की औंढ्याच्या शिवारात त्यांचं मोठं खाचर मोकळं व्हायचं. त्यातली धसकटं खणून काढायची, पिंपात पाणी भरून ते जमिनीवरून लोळवायचं, आणि वर काथ्याची मॅट ताणून लोखंडी खुंट्यांनी ठोकायची. खुंट्या आमच्या दुकानातल्या, हे मी आजही ऐकवतो. बॉलिंगच्या टोकाला थोडं मागे एक बांध होता. त्या बांधाला पाणी काढायला ठेवलेली खांड होती, आणि बांधापलीकडे बरंच लांब जांभळीचं मोठं झाड. गेनू साध्यासुध्या बॅट्समनला बांधापासून धावत यायचा. पण समोर कुणी खरा खेळणारा आला की तो बॉल पँटला घासत घासत खांडीतून पलीकडे जायचा, थेट जांभळीपाशी. डावा हात एकदा खोडाला लावायचा आणि निघायचा. खांडीतून तो बाहेर पडला की समोरचा बॅटची मूठ आवळायचा, मीही आवळायचो. खोटं कशाला बोलू!

तर आमच्याकडे बॅट्समनची लायकी ठरायची ती अशी. किती धावा केल्या हे कुणी विचारत नसे. 'गेनू तुला कुठून आला? बांधावरून की जांभळीपासून?' एवढाच प्रश्न. तिकोणा पेठेच्या एका पठ्ठ्याला गेनू एकदा जांभळीपासून आला. गडी पहिल्याच बॉलला त्रिफळाचीत झाला, पण पुढे त्याच्या लग्नाच्या बैठकीत त्याच्या मामानं मुलीकडच्यांना सांगितलं, "पोराला गेनू जांभळीपासून आलेला हाय," आणि मुलीच्या बापानं म्हणे तिथेच सुपारी फोडली. आता यातलं मीठमसाला किती ते तुम्ही ठरवा. पुण्याच्या एका क्लबाच्या माणसांनीही गेनूला नेलं होतं. दोन रविवार गेला आणि परत आला. मी चिडून विचारलं, "अरे गाढवा, अशी संधी पुन्हा येते का?" तर म्हणाला, "म्हशीला काय सांगू सदा, आज रईवार हाय, आज दूध दिऊ नगं म्हनून?" मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला मात्र त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

आणि जांभळीपासून ज्यांना गेनू न चुकता यायचा असे सगळ्या मावळात दोघेच. एक मी, लोणावळ्याचा सदा. दुसरा कामशेतचा मोहन, त्यांची भाताची गिरणी. मोहन दिसायलाच बॅट्समन. पांढरी पँट, कॉलर वर, चालायचा असा की जणू बॉलरच त्याच्याकडे उधारी मागायला आलाय. तो मारायचा. मी तग धरायचो. माझं खेळणं बघायला फार सुंदर होतं असं माझी आईसुद्धा म्हणाली नसती. पण ऑफ स्टंप कुठे आहे हे मला डोळे मिटून कळायचं, आणि जो बॉल खेळायचा नाही तो मी जिवाच्या आकांतानं सोडायचो. एका हंगामात आम्ही दोघंही औंढ्याविरुद्ध त्याच खाचरात खेळलो, पंधरवड्याच्या अंतरानं. माझ्या वेळेला गेनूनं लोणावळ्याची अख्खी टीम कापून काढली, मी मात्र शेवटपर्यंत नाबाद राहिलो. धावा थोड्याच, पण उभा. मोहननं त्याच गेनूला तीनदा बांधापलीकडे भिरकावला, त्यातला एक तर जांभळीच्या फांद्यांत अडकला, आणि मग पुढच्याच एका बॉलला दांडी गुल. झालं... तिथून वाद सुरू झाला तो झाला. खऱ्या बॉलिंगपुढे मोठा कोण? जो टिकला तो, की ज्यानं मारलं तो?

त्यातच एक घोळ झालेला. माझ्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या खाचरातल्या म्हाताऱ्यानं आपल्या हरभऱ्याला पाटाचं पाणी सोडलं आणि पाण्याचं दार लावायला विसरून घरी जाऊन जेवला. सकाळी बघतो तर मॅटचं एक टोक ओलं. आता कामशेतवाले म्हणणार, ओल्या जमिनीवर बॉल मरतो, सदाला काय, शेणाच्या गोळ्यासारखा बॉल आला असेल! आमचे लोणावळ्याचे म्हणणार, अरे, अर्धी ओली अर्धी कोरडी, बॉल एकदा घोट्याला आणि एकदा हनुवटीला, त्यात उभं राहून दाखवा. तो हरभऱ्यावाला म्हातारा पुढे कित्येक वर्षं लोणावळ्याच्या बाजारात दिसला की आमची माणसं त्याला अडवून विचारायची, "आबा, पाणी नक्की किती वेळ चालू होतं?" वैतागून शेवटी तो बाजाराला कामशेतला जायला लागला. तिथे कामशेतवाल्यांनी धरला.

हे सगळं न्यायालय चालायचं माझ्या दुकानापुढच्या बाकावर. गेनू दूध घालून झालं की रिकामे कॅन वाजवत यायचा आणि बाकाच्या कडेला टेकायचा. टीव्हीवरच्या मोठमोठ्या बॅट्समनांवरून भांडणं जुंपलेली असायची. कुणी म्हणे अमक्याची इतकी शतकं, कुणी म्हणे तमक्याची सरासरी. गेनू तंबाखू मळत ऐकायचा आणि मग हळूच म्हणायचा, "धावा किती ते ऱ्हाऊ द्या. कुनावर काढल्या ते सांगा आदी." मग कुणीतरी हिशेब मांडायचं, की अमुक देशाचा तो उंच बॉलर समोर असताना याचं काय झालं, आणि त्या डाव्या हातानं टाकणाऱ्यापुढे त्याचं काय झालं. गेनू मान डोलवायचा. "फुसक्या बॉलिंगवर शंभर काडनं म्हंजी उतारावर सायकल. पाय बी मारायला नगं. चडाला लाव, मंग बगू." हेल्मेट आल्यावर कुणी म्हणालं, आता काय, सगळेच शूर. त्यावर गेनू म्हणाला, "डोक्याला टोपडं घाल का घागर. पाय मागं जातुया का फुडं, तितं कळतंय." क्रिकेटवरचं मी पुष्कळ वाचलंय आणि त्याहून जास्त ऐकलंय, पण बॅट्समन ओळखायची याहून सोपी खूण मला अजून सापडलेली नाही.

पण एका गोष्टीवर तो बोलायचा नाही. आमच्या दोघांवर. "गेन्या, तू दोघांना टाकलंयस, तूच सांग, सदा की मोहन?" असं कुणी विचारलं की त्याला लगेच म्हशी आठवायच्या. कॅन उचलायचा आणि चालू पडायचा. माझी काय अवस्था व्हायची सांगू? बाकीच्यांना ती गंमत होती. मला ती गंमत नव्हती. वडिलांचं दुकान गळ्यात पडलं, पुण्याला जायचं राहिलं, आयुष्यभर स्क्रू, खिळे आणि चुका विकल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट मी खरी केली होती, एका खऱ्या बॉलरपुढे उभा राहिलो होतो. ती किती खरी, हे सांगू शकणारा पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस होता आणि तो रोज माझ्या बाकावर बसून तंबाखू थुंकत होता! मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. 'सदा, तू उजवा.' बस, एवढंच. बायको म्हणायची, "तुम्ही वेडे आहात का हो?" मी म्हणायचो, "हो."

मोहनचंही तेच होतं, हे मला ठाऊक होतं, कारण गिरणीवर त्याचाही दरबार भरायचा. आमचं भांडण नव्हतं. लग्नाकार्यात भेटायचो, बोलायचो. मी म्हणायचो, "काय मोहनशेठ, अजून हवेत मारता का?" तो म्हणायचा, "काय सदा, अजून सोडतोस का?" आजूबाजूचे हसायचे. पण एकमेकांकडे चहा घ्यायचा नाही, हे न बोलता ठरलेलं. कामशेतला माझी उधारी वसूल करायला मी जायचो तेव्हा त्याच्या गिरणीसमोरून जायचो, आणि तो हाक मारायचा, "चहा?" मी हात हलवून पुढे. तोही लोणावळ्यात माझ्या दुकानात खिळे न्यायला यायचा, पण बसायचा नाही. म्हातारे झालो तरी हेच. दोघांचे गुडघे गेले, दोघांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि दोघंही गेनूला भेटायला वेगवेगळ्या दिवशी जायचो.

गेल्या पावसाळ्यात गेनूच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चालणं, धारा काढणं, सगळं बंद केलं. दिवाळी उलटल्यावर मी मोसंबी घेऊन औंढ्याला गेलो. गेनू ओसरीवर बाजेवर पडलेला. समोर मळणीचं भात रचलेलं, त्यापलीकडे नुकतं मोकळं झालेलं खाचर, बांध, आणि जांभळीचं झाड. घरात टीव्हीवर मॅच चालू होती, आवाज बंद करून. मी म्हटलं, "आवाज का बंद?" तर म्हणाला, "त्ये लय बोलत्यात. बॉल दिसतुया, तेवडं बास." थोडा वेळ बघत बसलो. एक नवा मुलगा सुरेख खेळत होता, मी म्हटलं, "बघ गेनू, काय ड्राइव्ह मारतोय!" गेनू म्हणाला, "बांधावरनं टाकतुया त्यो त्येला. जांभळीपासनं यिऊ दे." आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता त्याला धाप लागली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन तो आडवा झाला, डोळे मिटले. मला वाटलं झोपला. उठणार तेवढ्यात म्हणाला, "सदा, तुला कवाधरनं इचारायचं हाय न्हवं मला?"

मी परत खाली टेकलो. मी म्हटलं, "गेनू, राहू दे आता. तू आराम कर."

"आराम करायचाच हाय फुडं," तो म्हणाला. "ऐक. दोगांत मोहन उजवा."

आत गेनूची बायको, हौसावहिनी, तवा सरकवत होत्या, तो आवाज तेवढा येत होता. गेनूनं डोळे उघडले नव्हते. "त्येला टाकताना मला भ्या वाटायचं. तू कुटं उबा हायस, काय करनार, मला ठावं असायचं. त्येचं न्हाई. चांगला बॉल टाकावा आन् त्यो त्येनं बांधापल्याड घालवावा... तसं मला दुसऱ्या कुनी केलं न्हाई. त्येला सांग जाऊन."

"तूच सांग ना त्याला."

"मी सांगितलं तर त्येला वाटंल, आजारी मानूस गोड बोलतुया. तुज्या तोंडनं गेलं तर पटंल त्येला."

काय माणूस होता! जन्मभराचं मागणं मागितलं तर वर असा दिला, आणि वरून तो दुसऱ्याच्या घरी पोचवायची हमालीही माझ्याच डोक्यावर. घरी आलो तो तोंड पाडून. बायकोनं विचारलं काय झालं, सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. एकदाचं कळलं. आता तरी नीट जेवा." मी जेवलो नाही. राग कशाचा होता ते नीट सांगता येत नाही. गेनू खोटं बोलणारा नव्हता, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नाही. उद्या कामशेतला जाऊन सांगू, असं रोज ठरवायचो आणि रोज दुकानात काहीतरी काम निघायचं. काम निघत नव्हतं, मी काढत होतो. आणि मग संतोषचा फोन आला.

गेनूचा दहावा गावच्या ओढ्याकाठी होता. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन होतं, आणि मग माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, गेनभाऊ किती प्रेमळ, किती कष्टाळू, सगळं खरंच होतं. पण बॉलिंगबद्दल कुणी चकार शब्द काढेना. तरुण माणसांना कुठून माहीत असणार? माझ्या जिवाची नुसती तगमग चालली होती. समोर पुरुषांच्या रांगेत मोहन बसला होता, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात. तेवढ्यात संतोषनं माझं नाव पुकारायला लावलं. मी उठलो. माइक हातात घेतला आणि म्हटलं, "मला भाषण येत नाही. गेनू कोण होता ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मला फक्त एक निरोप पोचवायचाय. मावळात जो वाद इतकी वर्षं चाललाय, त्याचा निकाल गेनूनं जाण्याआधी मला सांगितला. तो म्हणाला, दोघांत मोहन उजवा. संपलं."

खाली बसलो. कान गरम झाले होते, पण खरं सांगू? छातीवरचा धोंडा उतरला होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या लोणावळ्याच्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. दहाव्याला टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून कामशेतवाले कसेबसे गप्प होते. आणि मोहन... तो उठला. त्याला उठायलाच किती वेळ लागला. पुढे आला, माझ्याकडे न बघता माइक घेतला आणि म्हणाला, "सदा सांगतो ते चूक आहे."

कुजबुज सुरू झाली. त्यानं हात वर केला. "सदा खोटं बोलत नाही. पण मलाही गेनूनं सांगितलंय. दसऱ्याला मी भेटायला आलो होतो. मला म्हणाला, 'मोहन, दोगांत सदा उजवा. तू मारायचास, म्हंजी कदी ना कदी चुकशील, हे मला ठावं असायचं. मी वाट बगायचो. पन सदाला टाकून टाकून माज्यापाशी टाकायला कायबी उरायचं न्हाई. समदं सपायचं, तरी त्यो आपला उबा.' आणि मला म्हणाला, सदाला जाऊन सांग." मोहननं घसा साफ केला. "मी नाही सांगितलं. का सांगावं? माझ्यापेक्षा तो मोठा, हे मीच लोणावळ्याला जाऊन त्याच्या बाकापुढे सांगू? मला जमलं नाही. आज त्यानं माइकवर सगळ्यांदेखत सांगितलं. आता मला गप्प बसता येत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच टॉवेल तोंडाला लावला. मग दुसरं कुणी हसलं. बघता बघता त्या ओढ्याकाठी, डोकी भादरलेली माणसं समोर बसलेली असताना, हसू पसरलं. प्रवचनाला आलेल्या महाराजांनी जन्मात पुष्कळ दहावे पाहिले असतील, पण असा पाहिला नसावा. ते "विठ्ठल, विठ्ठल" म्हणाले आणि त्यांनीही उपरणं तोंडाला लावलं. मी हसत होतो की रडत होतो ते मला कळत नव्हतं. तो फोन आल्यापासून जे पाणी अडून राहिलं होतं ते तिथे आलं.

नंतर आम्ही दोघं गेनूच्या ओसरीवर टेकलो. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. हौसावहिनी दारात येऊन बसल्या. मी न राहवून विचारलं, "वहिनी, तुम्हांला तरी कधी बोलला का तो? खरं काय ते?" वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला त्या खेळातलं काय कळतंय? पन ते म्हनायचे, दोगं बी मला बगाया येत्यात, पन येक गेल्याबिगर दुसरा येत न्हाई. दोगं येका टायमाला माज्या वसरीवर बसल्यालं मला बगायचं हाय." मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आता बसलासा." आत जाऊन चहा घेऊन आल्या. मोहननं एक कप उचलला, दुसरा माझ्या हातात दिला. कोरा, गुळाचा चहा होता. आम्ही तो प्यायलो.

गेनू आम्हां दोघांशी खोटं बोलला का? मी यावर रात्रंदिवस डोकं खाजवलंय, आणि मला नाही तसं वाटत. भीती वाटायला लावणारा एक, आणि भाता रिकामा करणारा एक. मोठ्या बॉलरला दोन्ही भेटले. त्यानं ज्याचं त्याला न देता एकाचं दुसऱ्याच्या हाती दिलं, एवढंच. लबाड, पण खोटा नाही. आता गंमत अशी झाली आहे, की मी बाकावर बसून मोहनची बाजू घेऊन भांडतो आणि तो गिरणीवर माझी. त्याला फोन केला की म्हणतो, "अरे, उभं राहणं म्हणजे काय खायचं काम आहे का?" मी म्हणतो, "मारणं म्हणजे काय गंमत आहे? जांभळीत अडकवला होतास बॉल!" आमच्या दोघांचे पंथ पार गोंधळून गेलेत. बायको म्हणते, "आधी निदान एकच वेडा होता."

परवा मोहनचाच फोन आला, औंढ्याला चल म्हणून. गेलो. वहिनींनी माळ्यावरून एक बॉल काढून दिला, शिवण उसवलेला, रंग उडून मातीसारखा झालेला. बॅट कुठली असणार! मी धुण्याचं धोपाटणं मागून घेतलं, तर वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. खाचरात उतरलो. धसकटं तशीच होती. शेजारी याही वर्षी हरभरा आहे, त्या म्हाताऱ्याचा नातू करतो, आणि पाटाचं पाणी पाझरून आमच्या बाजूला आलेलं. पाय रुतत होते. मोहन म्हणाला, "ओली आहे. नंतर तक्रार नको." मी म्हटलं, "तू टाक आधी." मॅट अंथरायचो त्या जागी, अंदाजानं, मी उभा राहिलो. पाठीमागे ऑफ स्टंप नव्हता, पण कुठे असायला हवा ते मला कळत होतं. मोहन बॉल पँटला घासत बांधाकडे गेला. गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस, मला वाटलं बांधावरूनच दोन पावलं टाकेल आणि सोडेल. पण तो बांधाशी थांबला नाही. कडेला धरून धरून खांडीतून पलीकडे उतरला आणि चालत राहिला.

"अरे मोहन, बांधावरून ये!" मी ओरडलो. "पडशील!"

तो वळला. इतक्या लांबून त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं, आवाज तेवढा आला. "गप उभा राहा. तुला बांधावरून टाकू होय?"

मी धोपाटणं टेकवलं. तिकडे जांभळीपाशी मोहननं डावा हात खोडाला लावला आणि निघाला.